एका वाक्याचा नट : ऑक्सफर्ड, फेब्रुवारी १९३२

फेब्रुवारी १९३२. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहरातील न्यू थिएटर. रंगमंचावर शेक्सपिअरचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ चालू आहे. लग्नाच्या सकाळी ज्युलिएट बिछान्यात निष्प्राण आढळली आहे. वास्तविक ती औषधाच्या गुंगीत आहे; पण घरच्यांना ते ठाऊक नाही. आईबापांचा आक्रोश नुकताच ओसरला आहे. लग्नासाठी बोलावलेले वाजंत्री एका बाजूला अवघडून उभे आहेत. त्यांच्यातला वीस वर्षांचा एक तरुण आपल्या वाट्याला आलेले एकमेव वाक्य उच्चारतो. वाक्याचा अर्थ इतकाच, की आता वाद्ये आवरावीत आणि निघावे.

प्रेक्षागृहात हशा पिकतो.

शोकाच्या प्रसंगी हशा म्हणजे नटाची शोभाच. दुसऱ्या रात्री तो तरुण वाक्यातल्या निराळ्या शब्दावर जोर देतो. पुन्हा हशा. तिसऱ्या रात्री आणखी निराळा शब्द. तरीही हशा. वाक्य तेच, प्रेक्षक रोज नवे. त्यांचे हसणे मात्र चुकत नाही.

हा तरुण ट्रिनिटी कॉलेजात इतिहास शिकत होता. नाव टेरेन्स रॅटिगन. पुढे ‘द विन्स्लो बॉय’, ‘द ब्राउनिंग व्हर्जन’, ‘द डीप ब्लू सी’ ही नाटके लिहून विसाव्या शतकातील इंग्रजी नाटककारांच्या पहिल्या रांगेत बसलेला रॅटिगन तो हाच. (त्याचे आजोबा सर विल्यम रॅटिगन लाहोरचे नामांकित कायदेपंडित आणि पंजाब विद्यापीठाचे कुलगुरू होते. नातवाने वडिलांप्रमाणे परराष्ट्र खात्यात जावे, अशी घरची इच्छा.)

विद्यार्थी रंगभूमीवर पहिले पाऊल टाकणाऱ्याचे काय होते, हे पाहायला ऑक्सफर्डच्या या एका प्रयोगासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण त्या रंगमंचावर आणि त्यामागे दोन-चार अपवाद वगळता जो तो आपापल्या कामात नवखा होता. दिग्दर्शकसुद्धा.

पण आधी हा रंगमंच तिथे आला कसा, ते पाहण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकातील ऑक्सफर्डमध्ये नाटक म्हणजे विद्यार्थ्यांना बिघडवणारी गोष्ट असेच अधिकाऱ्यांचे मत होते. शहरात कोणते खेळ व्हावेत, यावर विद्यापीठाचा वचक असे. तरीही विद्यार्थी नाटके करीतच. पण ती बहुधा थिल्लर प्रहसने आणि विडंबने असत. मुलांनी झगे घालून बायका व्हायचे आणि मित्रांनी शिट्ट्या वाजवायच्या, असा तो सगळा मामला. १८८० च्या सुमारास ‘फिलोथेस्पियन्स’ नावाची एक मंडळी असेच खेळ करीत असे. त्यांच्यात आर्थर बाउचर हा महत्त्वाकांक्षी विद्यार्थी होता. त्याला खऱ्याखुऱ्या नाटकाची ओढ होती, आणि त्याच्या सुदैवाने त्या वेळी कुलगुरूंच्या खुर्चीवर बेंजामिन जाउएट बसले होते.

जाउएट हे प्लेटोचे भाषांतरकार, बेलियल कॉलेजचे प्रमुख. नाटकावर सरसकट बंदी घालण्यापेक्षा ते चांगले असावे, हा आग्रह त्यांना शहाणपणाचा वाटला. त्यांनी परवानगी दिली, पण अटींवर. खेळ शेक्सपिअरचे किंवा अभिजात ग्रीक नाटकांचे असावेत. आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात. विद्यार्थ्यांनी झगे घालायचे नाहीत. १८८५ मध्ये ‘ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी ड्रॅमॅटिक सोसायटी’ उभी राहिली आणि ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागाने तिचा पडदा वर गेला. इंग्रजी आद्याक्षरे जोडून लोक तिला ‘आउड्स’ म्हणू लागले. पुढच्याच वर्षी शहरात न्यू थिएटर उघडले, तेही आउड्सच्याच ‘ट्वेल्फ्थ नाइट’ने.

जाउएट यांची दुसरी अट वरकरणी पुरोगामी वाटते. स्त्रीभूमिका स्त्रियांनी कराव्यात, यात वावगे काय? पण स्त्रिया आणायच्या कुठून, हा प्रश्न होता. ऑक्सफर्डमध्ये तेव्हा स्त्रियांची वसतिगृहे नुकतीच सुरू झाली होती. तिथल्या विद्यार्थिनींनी मुलांबरोबर रंगमंचावर उभे राहणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. म्हणून बाहेरच्या हौशी स्त्रिया आणि पुढे लंडनच्या व्यावसायिक नटी बोलावल्या जाऊ लागल्या. रूढी पडली ती पडलीच. १९२० मध्ये ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे मान्य केले. १९२७ मध्ये त्यांची संख्या ८४० च्या वर जाऊ नये असा नियम करून दारही अर्धे लोटून घेतले. आणि १९३२ मध्ये, त्याच विद्यापीठात शेक्सपिअरचे बारकावे अभ्यासणाऱ्या शेकडो मुली असताना, आउड्सची ज्युलिएट आगगाडीने लंडनहून आली.

नवख्यांची ही कथा सांगताना एवढे विसरता येत नाही. वाजंत्र्याचे एक वाक्य बिघडवण्याची संधी रॅटिगनला मिळाली. त्याच्याबरोबरच्या विद्यार्थिनींना तीही मिळाली नाही.

१९३१-३२ या वर्षी आउड्सचा अध्यक्ष होता जॉर्ज डिव्हाइन. वय एकवीस, वॅडम कॉलेज, विषय पुन्हा इतिहासच. दिग्दर्शनासाठी बाहेरचा व्यावसायिक माणूस बोलावण्याची प्रथा संस्थेत होतीच. दर वर्षीच्या मोठ्या नाटकासाठी लंडनचे किंवा युरोपातले नामवंत दिग्दर्शक येत. (पुढच्याच वर्षी जर्मन रंगभूमीचे सम्राट मॅक्स राइनहार्ट येऊन उघड्या हिरवळीवर ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवून गेले.) डिव्हाइनने मात्र जॉन गिलगुडला विचारले, ज्याने तोवर एकही नाटक बसवले नव्हते.

गिलगुड तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. नट म्हणून नाव झालेले. विसाव्या वर्षीच लंडनमध्ये रोमिओ करून झालेला, पुढे ओल्ड व्हिकमध्ये पुन्हा एकदा. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ कसे होऊ नये, याविषयी त्याची मते पक्की होती. दृश्यांमध्ये लांबलचक थांबे नकोत, नाटक एका दमात धावले पाहिजे आणि काव्य ऐकू आले पाहिजे. हे सगळे रंगमंचावर करून पाहण्याची संधी त्याला व्यावसायिक रंगभूमीने दिली नव्हती. ती विद्यार्थ्यांनी दिली.

त्या दिवसांत तो लंडनला ‘द गुड कम्पॅनियन्स’मध्ये काम करीत होता. म्हणजे दिवसा ऑक्सफर्डला तालीम घ्यायची आणि रात्रीच्या प्रयोगाला लंडन गाठायचे. ज्युलिएटसाठी त्याने पेगी ॲशक्रॉफ्टला आणले. ती चोवीस वर्षांची होती आणि दोनच वर्षांपूर्वी पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना करून लोकांच्या नजरेत भरली होती. दाईच्या भूमिकेसाठी एडिथ एव्हान्स. ही भूमिका तिने ओल्ड व्हिकमध्ये आधीच गाजवलेली. बाकी सारे विद्यार्थी. रोमिओ झाला ख्रिस्तोफर हॅसल, वय एकोणीस. मर्क्युशिओ स्वतः डिव्हाइन. टिबल्ट झाला विल्यम डेव्हलिन, जो त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत, बाविसाव्या वर्षी, लंडनमध्ये चक्क किंग लिअर म्हणून उभा राहिला.

या यादीत तीन नावे अजून यायची आहेत, आणि कदाचित तीच सर्वांत मोलाची. सोफी आणि मार्गारेट हॅरिस या दोघी बहिणी आणि त्यांची मैत्रीण एलिझाबेथ मॉन्टगोमेरी. तिघी चित्रकलेच्या विद्यार्थिनी. ओल्ड व्हिकमध्ये नाटके पाहता पाहता त्या नटांची रेखाचित्रे काढीत आणि त्यातूनच त्यांची गिलगुडशी ओळख झाली. वेशभूषेचे एवढे मोठे काम त्यांच्याकडे आधी कधीच आलेले नव्हते. गिलगुडने ते त्यांच्यावर सोपवले. तिघींनी मिळून एकच नाव घेतले होते, ‘मॉटली’, म्हणजे विदूषकाचा रंगीबेरंगी अंगरखा.

अनुभवी दिग्दर्शकाने त्या जागी कोणाला बोलावले असते? लंडनच्या एखाद्या जुन्या भांडारातून मखमली झगे भाड्याने आणले असते, हे उघड आहे. प्रथा तीच होती. इथे मात्र दिग्दर्शकालाच प्रथेचे ओझे नव्हते. पुढच्या वर्षी गिलगुडने लंडनला ‘रिचर्ड ऑफ बोर्दो’ बसवले. ते तुफान चालले आणि त्याची वेशभूषा व नेपथ्य मॉटलीचेच होते. पुढची कित्येक दशके इंग्लंड-अमेरिकेच्या रंगभूमीचा चेहरामोहरा घडवण्यात या तिघींचा हात राहिला. म्हणजे ज्या संस्थेने आपल्या विद्यापीठातील विद्यार्थिनींना रंगमंचावर येऊ दिले नाही, तिच्याच प्रयोगाने तीन तरुण स्त्रियांना विंगेमागून व्यवसायात आणले. इतिहास असा सरळ रेषेत कधीच चालत नाही.

प्रयोग यशस्वी झाला. आभार मानायला गिलगुड पडद्यापुढे आला आणि घोटाळा करून बसला. ॲशक्रॉफ्ट आणि एव्हान्स यांच्यासारख्या नायिका पुन्हा लाभणे दुर्मीळ, असे काहीसे त्याला म्हणायचे होते. तोंडून निघाले ते असे, की अशा दोघी पुन्हा कधी भेटू नयेत अशी आशा आहे. बोलताना जीभ घसरण्याची गिलगुडची ही खोड आयुष्यभर टिकली आणि तिचे किस्से नाट्यवर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. म्हणजे त्या प्रयोगात नको तिथे हशा मिळवणारा रॅटिगन एकटाच नव्हता.

आता त्या वाक्याकडे पुन्हा वळू या, कारण त्यात रॅटिगनवर थोडा अन्याय झाला आहे.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची १५९९ ची छापील प्रत पाहिली, तर याच प्रवेशात एक गंमत आढळते. वाजंत्र्यांशी थट्टामस्करी करायला पीटर नावाचा नोकर येतो. पण त्या प्रतीत पात्राच्या नावाऐवजी विल केम्प या नटाचेच नाव छापलेले आहे. केम्प म्हणजे शेक्सपिअरच्या कंपनीतील अत्यंत लोकप्रिय विनोदी नट. याचा अर्थ, ज्युलिएटच्या मृत्यूशय्येवरून प्रेक्षकाची नजर हटताच लेखकाने हुकमी विदूषकाला आत सोडले होते. वाजंत्र्याचे ते वाक्य रडणे आणि हसणे यांच्या नेमक्या सांध्यावर पडते. केम्प येण्याच्या वाटेवरचा तो उंबरठाच आहे. तिथे प्रेक्षक हसतील की गप्प राहतील, हे मुरलेल्या नटालाही सांगता येणार नाही. म्हणूनच कितीतरी दिग्दर्शक हा भागच कापून टाकतात. गिलगुडने तो ठेवला आणि त्याचे तोंड एका नवख्याच्या हाती दिले.

आपल्याकडे नाटकात नव्याने शिरलेल्याला भालदार-चोपदाराचे काम देतात. समजूत अशी, की त्यात बिघडण्यासारखे काही नसते. ही समजूत किती खोटी आहे, हे भाला धरून उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मोठ्या भूमिकेतल्या नटाला चूक सावरायला पुढची पंचवीस वाक्ये मिळतात. एका वाक्याच्या नटाला ती चूक घेऊनच आत जावे लागते आणि दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत तिच्याशी एकट्याने झगडावे लागते. रॅटिगनने रात्रीमागून रात्र तेच केले. शब्द हलवले, जोर हलवला. अभिनयाच्या दृष्टीने हाती काही लागले नाही. पण कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दावर प्रेक्षागृह कोसळते, याचे असे रोकडे शिक्षण त्याला दुसरीकडे कुठे मिळाले असते?

आपण नट नाही, हे त्याला कळून चुकले. लिहायचे तर त्याला शाळेपासून होतेच. १९३३ मध्ये फिलिप हायमन या विद्यार्थी मित्राबरोबर त्याने ‘फर्स्ट एपिसोड’ हे नाटक लिहिले. विषय कोणता? विद्यापीठातील मुलांच्या नाटकात काम करायला लंडनहून नटी येते आणि एका विद्यार्थ्याच्या प्रेमात गुंतते. साहित्य कुठून आले, हे सांगायला नको. नाटक लंडनच्या मुख्य रंगभूमीवर पोहोचले आणि रॅटिगनने पदवी न घेताच ऑक्सफर्ड सोडले. १९३६ च्या ‘फ्रेंच विदाउट टिअर्स’चे हजाराहून अधिक प्रयोग झाले. हशा आता जिथे हवा तिथे पिकत होता.

मधल्या काळात एक योगायोग घडला. गिलगुड आणि रॅटिगन यांनी मिळून डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चे नाट्यरूपांतर केले. १९३५ मध्ये ते रंगमंचावर यायचे होते. पण त्याच कथेवरचे जुने नाटक वर्षानुवर्षे करीत आलेले वृद्ध नट सर जॉन मार्टिन-हार्वे यांनी हरकत घेतली आणि बेत बारगळला. रिकाम्या झालेल्या जागी गिलगुडने काय उभे केले, तर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. ज्युलिएट ॲशक्रॉफ्ट, दाई एव्हान्स, नेपथ्य व वेशभूषा मॉटली. रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका गिलगुड आणि तरुण लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी आलटून पालटून केल्या. इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात हा प्रयोग मैलाचा दगड मानला जातो. त्याची कच्ची प्रत विद्यार्थ्यांसोबत तीन वर्षांपूर्वीच तयार झाली होती, ही गोष्ट मात्र पुष्कळदा सांगायची राहून जाते.

रॅटिगन ते वाक्य विसरला नाही. १९४८ मध्ये ‘द ब्राउनिंग व्हर्जन’च्या जोडीला त्याने ‘हार्लेक्विनेड’ ही एकांकिका लिहिली. एक फिरती नाटक कंपनी गावोगाव हिंडत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या तालमी करते आहे, मुख्य नट-नटी पतिपत्नी असून वय उलटून गेले तरी ज्युलिएट-रोमिओ सोडवत नाहीत, आणि या सगळ्या गोंधळात एक दुय्यम नट आपल्याला मिळालेले एकमेव वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने घोकत बसतो. वाक्य तेच, वाजंत्र्याचे. सोळा वर्षांपूर्वी ज्याने त्याची अब्रू घालवली, त्याच वाक्यावर आता तो प्रेक्षकांना मुद्दाम हसवत होता.

आणि १९५२ मध्ये ‘द डीप ब्लू सी’ आले. एका न्यायाधीशाची पत्नी संसार सोडून तरुण वैमानिकाबरोबर राहते आणि त्याचे प्रेम तितके खोल नाही हे उमगल्यावर कोसळते. हेस्टर ही रॅटिगनने लिहिलेली बहुधा सर्वांत थोर व्यक्तिरेखा. तिची पहिली भूमिका केली पेगी ॲशक्रॉफ्टने. वीस वर्षांपूर्वी जिच्या निष्प्राण देहापाशी उभे राहून त्याने नाटक बिघडवले होते, ती आता त्याचे शब्द बोलत होती.

जॉर्ज डिव्हाइनची वाट निराळी निघाली. ऑक्सफर्डहून तो लंडनला आला. नट झाला, मॉटलीचा व्यवहार सांभाळू लागला आणि तिघींपैकी सोफीशी त्याने लग्न केले. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल सँ-डेनिसबरोबर त्याने १९३६ मध्ये ‘लंडन थिएटर स्टुडिओ’ ही नाट्यशाळा चालवायला घेतली. नवख्या माणसावर डाव लावण्याची अध्यक्षपणातली सवय त्याच्या अंगात मुरली होती. १९५६ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरात ‘इंग्लिश स्टेज कंपनी’ सुरू झाली, तेव्हा तिचा सूत्रधार डिव्हाइनच होता. नवी नाटके मागवण्यासाठी त्याने जाहिरात दिली. आलेल्या बाडांमध्ये एका बेकार नटाचे, अनेकांनी नाकारलेले नाटक होते. तो नट थेम्स नदीतील एका नावेवर राहत असे. डिव्हाइन होडी वल्हवत त्याला भेटायला गेला. तो नट म्हणजे जॉन ऑस्बर्न, आणि ते नाटक ‘लुक बॅक इन अँगर’. ते बसवले टोनी रिचर्डसनने. तोही एके काळचा आउड्सचा अध्यक्ष.

८ मे १९५६ रोजी पहिला प्रयोग झाला. प्रेक्षकांत रॅटिगन होता. तीनच वर्षांपूर्वी आपल्या नाटकांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने ‘आँट एडना’ नावाच्या एका काल्पनिक मध्यमवर्गीय बाईचे चित्र रंगवले होते. नाटककाराने या सभ्य प्रेक्षक-मावशीला पूर्ण विसरू नये, असे त्याचे म्हणणे. रंगमंचावर मात्र एक तरुण रविवारच्या वर्तमानपत्रांच्या पसाऱ्यात बसून तिच्या साऱ्या जगावर तोंडसुख घेत होता. मध्यंतरात निघून जावे असे रॅटिगनला वाटले; बरोबरच्या समीक्षक मित्राने थांबवले. बाहेर पडताना पत्रकाराने गाठले, तेव्हा तो खोचकपणे म्हणाला, की आपण टेरेन्स रॅटिगन नाही, हे दाखवण्याचीच या लेखकाला हौस दिसते.

ते उद्गार त्याला महागात पडले. पुढची कित्येक वर्षे नव्या पिढीने त्याला जुनाट ठरवले. त्याच्या नाटकांचे खरे पुनर्मूल्यांकन १९७७ मधील त्याच्या मृत्यूनंतर झाले.

त्या रात्रीच्या वृत्तांतांत कोणी नोंदवले नाही, पण ज्या नाट्यगृहातून रॅटिगन खिन्न मनाने बाहेर पडला, त्याचा सूत्रधार कधी काळी त्याचा मर्क्युशिओ होता. ऑक्सफर्डला हा मर्क्युशिओ तिसऱ्या अंकात मरून विंगेत जाई आणि पुढच्या अंकात तो वाजंत्री आपले एक वाक्य घेऊन पुढे येई.